पहिल्या पेटीचा भाव : वेगवान चिपचे मर्यादित आगमन आणि अमिरातींचा त्याच्याशी असलेला संबंध

देवगडच्या हापूसची पहिली पेटी वाशीच्या घाऊक बाजारात दाखल होते तेव्हा तिची पूजा होते, तिचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येते आणि तिला मिळालेल्या भावाची चर्चा घरोघर होते. सर्वसामान्य ग्राहकाच्या ताटात आंबा येतो तो मात्र कित्येक आठवड्यांनंतर. पहिल्या पेटीचे काम बाजाराची गरज भागवण्याचे नसते, हंगाम सुरू झाल्याची दवंडी पिटण्याचे असते.

संगणकाच्या चिपच्या व्यापारातही अशीच पद्धत गेली पंचवीसहून अधिक वर्षे रूढ आहे. नवी, सर्वाधिक वेगाची चिप आल्याचे समारंभपूर्वक जाहीर केले जाते. परीक्षकांना नमुने मिळतात, त्यांचे अहवाल प्रसिद्ध होतात, पण दुकानात ती चिप एक तर मिळतच नाही किंवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळते. व्यापारी परिभाषेत याला ‘पेपर लाँच’ म्हणतात. मराठीत त्याला ‘कागदी आगमन’ म्हणता येईल. ते संपूर्ण कागदी असू शकते, म्हणजे घोषणेच्या दिवशी माल शून्य. किंवा अर्धे कागदी, म्हणजे माल आहे, पण मागणीच्या मानाने नगण्य.

संयुक्त अरब अमिरातींत राहणाऱ्या वाचकाला हा विषय तीन अंगांनी जवळचा आहे. अबुधाबी ही अनेक वर्षे अशा चिप घडवणाऱ्या कारखान्यांची मालक होती. दुबई ही संगणकाच्या सुट्या भागांची या प्रदेशातील प्रमुख पेठ आहे. आणि आज हा देश कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपचा मोठा ग्राहक होऊ पाहतो आहे. घोषणेची तारीख आणि माल हाती येण्याची तारीख यांतील अंतर कसे मोजावे, हे या तिन्ही ठिकाणी पैशाच्या भाषेत महत्त्वाचे ठरते.

उतारा आणि प्रतवारी

मर्यादित आगमनामागे केवळ जाहिरातबाजी असते असे मानणे अपुरे आहे. त्याचे मूळ कारखान्यात आहे. सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, एकाच वेळी शेकडो चिप कोरल्या जातात. त्यांतील काही सदोष निघतात. निर्दोष चिपचे एकूण चिपशी असलेले प्रमाण म्हणजे साखर कारखान्याच्या भाषेत ‘उतारा’. नव्या निर्मितीप्रक्रियेत हा उतारा प्रारंभी कमी असतो आणि अनुभवाने वाढत जातो.

निर्दोष ठरलेल्या चिपही सारख्या नसतात. एकाच वेफरवरील एखादी चिप अधिक वेग सहज पेलते, तर दुसरी त्या वेगाला अडखळते. म्हणून प्रत्येक चिपची चाचणी घेऊन तिची प्रतवारी केली जाते. आंब्याची जशी फळाच्या आकारावरून प्रत ठरते, तशी चिपची ती किती वेग, किती विद्युतदाबावर आणि किती तापमानात स्थिरपणे सांभाळते यावरून ठरते. एकच आराखडा, एकच कारखाना, एकच वेफर. तरीही त्यातून चार-पाच निरनिराळ्या किमतींची उत्पादने निघतात.

सर्वोच्च प्रतीच्या चिप स्वाभाविकपणे थोड्या असतात. कंपनीपुढे दोन मार्ग असतात. पुरेसा साठा होईपर्यंत थांबणे, किंवा मूठभर चिप हाती असतानाच वेगाचा नवा आकडा जाहीर करून टाकणे. दुसरा मार्ग पत्करला की कागदी आगमन घडते.

मार्च २००० : दोन दिवसांचे अंतर

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण एक गिगाहर्ट्झच्या शर्यतीचे. ६ मार्च २००० रोजी एएमडी या अमेरिकी कंपनीने एक गिगाहर्ट्झ वेगाचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर जाहीर केला. हजार नगांच्या खरेदीसाठी त्याची किंमत नगाला १,२९९ डॉलर, म्हणजे अमिरातींच्या चलनात सुमारे ४,७७० दिरहम होती. कॉम्पॅक आणि गेटवे या कंपन्यांच्या संगणकांत तो मिळेल असे सांगण्यात आले. दोनच दिवसांनी, ८ मार्चला, इंटेलने एक गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ जाहीर केला. त्याची किंमत ९९० डॉलर होती आणि प्रारंभी तो मर्यादित प्रमाणातच मिळणार होता.

गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज स्पंदने. हा आकडा अभियंत्यांच्या दृष्टीने ९५० मेगाहर्ट्झहून फार निराळा नव्हता, पण लोकांच्या दृष्टीने तो मैलाचा दगड होता. गंमत अशी की त्या अ‍ॅथलॉनमधील दुय्यम स्मृती, म्हणजे कॅशचा दुसरा स्तर, मुख्य चिपच्या केवळ एक तृतीयांश वेगाने चालत असे. म्हणजे जाहिरातीतला आकडा खरा होता, परंतु तो यंत्राच्या एकाच भागाचा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुबई इंटरनेट सिटीचे दरवाजे उघडले आणि भारतातून, विशेषतः मुंबई-पुण्यातून, संगणक व्यावसायिकांची नवी पिढी येथे येऊ लागली. त्या पिढीचे संगणकखरेदीचे शिक्षण मेगाहर्ट्झच्या आकड्यांवरच झालेले होते. ‘किती मेगाहर्ट्झचा?’ हाच त्या काळी पहिला प्रश्न असे.

घाईची किंमत

शर्यत तेथे थांबली नाही. ३१ जुलै २००० रोजी इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ जाहीर केला. हाही मोजक्याच संख्येने बाहेर पडला. ‘टॉम्स हार्डवेअर’चे संस्थापक थॉमस पाब्स्ट यांच्यासह काही स्वतंत्र परीक्षकांना त्याच्या चाचणीत अस्थिरता आढळली. विशेषतः लिनक्सचा गाभा संकलित करण्यासारखे जड काम त्याला पार पाडता येत नव्हते. इंटेलने दोष मान्य केला आणि २८ ऑगस्टला, म्हणजे महिना पुरा होण्याच्या आतच, ही चिप परत बोलावली. त्या वेगाचा भरवशाचा पेंटियम ३ बाजारात यायला २००१ साल उजाडावे लागले.

या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. प्रतवारीची रेषा स्पर्धेच्या दडपणाखाली थोडी जरी वर सरकवली, तरी स्थिरतेची शिल्लक संपते. आणि विक्री मर्यादित असल्याने चिप परत घेण्याचा खर्चही मर्यादितच राहतो. म्हणजे थोडक्या मालाचे आगमन कंपनीसाठी एका अर्थाने विम्यासारखे काम करते. धोका राहतो तो त्या थोड्या ग्राहकांचा, ज्यांनी सर्वाधिक किंमत मोजलेली असते.

कंपनीच्या पदरात काय पडते?

मग जी वस्तू विकायलाच पुरेशी नाही, तिच्यावर एवढा खर्च कशासाठी? त्याची उत्तरे चार आहेत.

पहिले, नाममुद्रेचे तेज. ‘जगातील सर्वांत वेगवान’ हे बिरुद एका चिपला मिळते, पण त्याचा प्रकाश त्याच घराण्यातील स्वस्त चिपवर पडतो. दुकानात गेलेला ग्राहक शिखरावरची चिप न घेता तिच्या खालची तिसरी-चौथी घेतो, आणि नफ्याचा मोठा भाग तेथेच असतो.

दुसरे, किमतीची शिडी. वरची पायरी एक हजार डॉलरची ठेवली की खालची चारशेची पायरी माफक वाटू लागते.

तिसरे, प्रतिस्पर्ध्याचा मुहूर्त मोडणे. सप्टेंबर २००३ मध्ये एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ बाजारात येण्याच्या सुमारे आठवडाभर आधी इंटेलने पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशनची घोषणा केली. माल मिळायला नंतर बरेच आठवडे गेले. जाणकारांनी तिला थट्टेने ‘इमर्जन्सी एडिशन’ असे नाव ठेवले होते. घोषणेचा हेतू विक्री नव्हता. प्रतिस्पर्ध्याची चिप घ्यायला निघालेल्या ग्राहकाला थांबवणे हा होता.

चौथे, भांडवलबाजाराला दिलासा. इंटेलची १० नॅनोमीटर प्रक्रिया वर्षानुवर्षे रखडली होती. २०१७ संपण्यापूर्वी या प्रक्रियेची चिप पाठवणे सुरू केल्याचे कंपनीने सांगितले. २०१८ मध्ये ती प्रत्यक्ष दिसली तेव्हा एका साध्या लॅपटॉपमधील दोन गाभ्यांची चिप निघाली आणि तिच्यातील चित्रप्रक्रियेचा भाग बंद ठेवलेला होता. दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला, मात्र प्रक्रिया खऱ्या अर्थाने मार्गी लागायला आणखी काळ जावा लागला.

अबुधाबीचा कारखाना

या इतिहासात अमिरातींचा प्रवेश नोव्हेंबर २००७ मध्ये झाला. अबुधाबी सरकारच्या मुबादला या गुंतवणूक कंपनीने सुमारे ६२ कोटी २० लाख डॉलर देऊन एएमडीचा ८.१ टक्के हिस्सा घेतला. मार्च २००९ मध्ये एएमडीने आपले कारखाने स्वतंत्र केले. अबुधाबीच्याच अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी इन्व्हेस्टमेंट कंपनी अर्थात एटिकच्या भांडवलावर ग्लोबलफाउंड्रीज ही नवी कंपनी उभी राहिली. जर्मनीतील ड्रेस्डेनचा कारखाना तिच्याकडे आला. मार्च २०१२ मध्ये एएमडीने उरलेला हिस्साही सोडला. अशा रीतीने वेगाच्या शर्यतीतील एका स्पर्धकाचे कारखाने संपूर्णपणे अबुधाबीच्या मालकीचे झाले.

ही मालकी सुखासुखीची नव्हती. एप्रिल २०११ मध्ये एएमडी आणि ग्लोबलफाउंड्रीज यांच्यातील करार बदलण्यात आला. त्यानुसार त्या वर्षी ३२ नॅनोमीटरच्या चिपसाठी एएमडी संपूर्ण वेफरचे नव्हे, तर केवळ निर्दोष निघालेल्या चिपचे पैसे देणार होती. उतारा कमी पडला तर त्याचा भुर्दंड कारखान्याला, पर्यायाने अबुधाबीच्या तिजोरीला बसणार होता. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर एएमडीने ड्रेस्डेनमधील उताऱ्याच्या अडचणींचे कारण देत आपला तिमाही महसुलाचा अंदाज खाली आणला.

याच महिन्यात त्याच कंपनीने एक विक्रमही जाहीर केला होता. बाजारात अद्याप न आलेल्या एफएक्स चिपला द्रवरूप हेलियमने गोठवून ८.४२९ गिगाहर्ट्झचा वेग गाठण्यात आला आणि त्याची गिनेस विक्रमांत नोंद झाली. एकीकडे विक्रमाचा आकडा, दुसरीकडे पुरवठ्याचा तुटवडा. दोन्हींचा उगम ३२ नॅनोमीटरच्या एकाच प्रक्रियेत होता. कागदी आगमनाचे मर्म यापेक्षा नेमके कोठे दिसणार नाही. शिखराचा आकडा कारखान्याच्या प्रकृतीविषयी काहीच सांगत नाही. ती उताऱ्यावरून कळते.

जून २०१३ मध्ये एएमडीने एफएक्स-९५९० जाहीर केली. कमाल वेग पाच गिगाहर्ट्झ. तिचा आराखडा नवा नव्हता. त्याच घराण्यातील निवडक चिपना अधिक वीज पाजून हा आकडा गाठला होता. तिची उष्णताक्षमता २२० वॅट ठरवण्यात आली. ही चिप प्रारंभी किरकोळ दुकानांऐवजी तयार संगणक जुळवणाऱ्यांमार्फतच मिळत होती आणि काही महिन्यांतच तिची किंमत घसरली. ज्यांनी पहिल्या पेटीचा भाव मोजला, त्यांच्या हाती वेगापेक्षा वीजबिल आणि उष्णताच अधिक आली.

ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचा प्रयत्न सोडून दिला आणि एएमडीच्या अग्रगण्य चिप तैवानच्या टीएसएमसीकडे गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजचे समभाग नॅसडॅकवर नोंदले गेले, पण बहुसंख्य मालकी मुबादलाकडेच राहिली. कंपनी आज शर्यतीबाहेर राहून मोटारी, दळणवळण आणि उपकरणे यांसाठी लागणाऱ्या चिप घडवते. शिखराचा हव्यास सोडून भरवशाच्या उताऱ्याकडे वळण्याचा तो निर्णय होता.

मर्यादा हीच जाहिरात

केवळ वेग वाढवत नेण्याची वाट २००४ मध्येच खुंटली होती. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलला रद्द करावा लागला आणि कंपनीचे तत्कालीन प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गुडघा टेकून त्याबद्दल माफी मागितली. यानंतर गाभ्यांची संख्या वाढली; वेगाचा आकडा मात्र निवडक चिपपुरता उरला.

पुढे तुटवडा लपवण्याऐवजी मिरवण्याची रीत आली. जून २०१८ मध्ये इंटेलने ८०८६ या आपल्या मूळ चिपच्या चाळिशीनिमित्त कोअर आय७-८०८६के ही पाच गिगाहर्ट्झची स्मरणावृत्ती काढली आणि तिचे ८,०८६ नग सोडतीने वाटले. २०१९ मध्ये कोअर आय९-९९९०एक्सई ही चिप केवळ लिलावाने, संगणक जुळवणाऱ्या निवडक कंपन्यांना विकली गेली. त्याच वर्षीच्या आय९-९९००केएसवर हमी एकच वर्षाची होती, जेव्हा साधारण चिपवर ती तीन वर्षांची असे. प्रतवारीची सर्वांत वरची पायरी गाठलेल्या चिपबद्दल निर्माता स्वतः किती आश्वस्त आहे, याचा हा बोलका पुरावा मानावा.

दुबईच्या पेठेत

बर दुबईतील खालिद बिन अल वलीद मार्ग जुन्या रहिवाशांना ‘कॉम्प्युटर स्ट्रीट’ म्हणून परिचित आहे. तेथून आणि जवळच्या अल ऐन सेंटरमधून संगणकाचे सुटे भाग येथील घरांत तर पोहोचतातच, पण आफ्रिका आणि भारतीय उपखंडातही जातात. १९८१ पासून भरणारे जायटेक्स प्रदर्शन हे या व्यापाराचे वार्षिक संमेलन.

अशा पुनर्निर्यातीच्या पेठेत कागदी आगमनाचा परिणाम तीव्र होतो. अधिकृत वितरकाकडे थोडा माल येतो आणि उरलेली मागणी अनधिकृत मार्गाने आलेल्या नगांवर भागते. अशा नगावर नमूद किमतीपेक्षा अधिक रक्कम तर द्यावी लागतेच. शिवाय हमी दुसऱ्या प्रदेशाची निघण्याचा संभव असतो.

जानेवारी २०२५ अखेर एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड १,९९९ डॉलर या नमूद किमतीला बाजारात आले. माल संपण्याचा इशारा कंपनीने आधीच दिला होता. ठरावीक विनिमयदराने ही किंमत सुमारे ७,३४१ दिरहम होते आणि पाच टक्के मूल्यवर्धित कर धरून सुमारे ७,७०८. ताजे आगमन असताना दुकानातील भाव या आकड्याच्या किती वर आहे, हे पाहणे म्हणजेच तुटवड्याचे मोजमाप होय. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० काही मिनिटांत संपले होते आणि कंपनीला ग्राहकांची क्षमा मागावी लागली होती. त्यानंतरही हेच चक्र फिरत राहिले आहे.

अमिरातींचा २०२० चा ग्राहकसंरक्षण विषयक संघीय कायदा क्रमांक १५ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला मनाई करतो आणि हमीची जबाबदारी पुरवठादारावर टाकतो. परंतु त्याचा उपयोग पावती आणि हमीपत्र येथील पुरवठादाराचे असेल तरच सुकर होतो. सुटीत पुण्याला वा नाशिकला नेण्यासाठी चिप घेणाऱ्याने तर ती हमी भारतात चालते का, हे आधी विचारावे.

दुसऱ्या प्रकारची टंचाई

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात या प्रश्नाला निराळे परिमाण लाभले आहे. एनव्हिडियाची ब्लॅकवेल चिप १८ मार्च २०२४ रोजी जाहीर झाली. पुढे तिच्या आराखड्यातील दोषामुळे उतारा घटल्याचे आणि ती चूक सर्वस्वी एनव्हिडियाचीच असल्याचे कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ऑक्टोबरमध्ये मान्य केले. म्हणजे जुने गणित कायमच आहे.

त्यात भर पडली ती परवान्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपवरील निर्यातबंधने विस्तारली आणि अमिरातींकडे येणाऱ्या मालालाही परवाना लागू झाला. मे २०२५ मध्ये अबुधाबीत पाच गिगावॅट क्षमतेच्या संगणनसंकुलाची घोषणा झाली. त्यातील ‘स्टारगेट यूएई’ हा एक गिगावॅटचा प्रकल्प जी४२, ओपनएआय, ओरॅकल, एनव्हिडिया, सॉफ्टबँक आणि सिस्को यांच्या सहभागाचा असून त्याचा पहिला टप्पा २०० मेगावॅटचा, २०२६ साठी ठरवलेला. पाच गिगावॅट, एक गिगावॅट आणि २०० मेगावॅट या तीन आकड्यांमधील फरक म्हणजेच घोषणा, योजना आणि हाती येणारा माल यांतील फरक.

परवान्यामुळे होणारी टंचाई भारताला नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकी महासंगणक हव्या त्या दर्जाचा मिळत नाही, हे पाहून पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० साकारला. जाहिरातीसाठी निर्माण केलेली टंचाई काही महिन्यांत विरते. परवान्याची टंचाई धोरण बदलेपर्यंत टिकते. कंपनीसाठी यंत्रणा खरेदी करणाऱ्याने यांतील कोणती आपल्यापुढे आहे, हे ओळखणे हिताचे.

ओळखावे कसे?

खरे आगमन आणि कागदी आगमन यांतील भेद चार प्रश्नांनी बहुधा उलगडतो. घोषणेत विक्रीची निश्चित तारीख आहे, की केवळ तिमाहीचा उल्लेख? चिप सुटी मिळते, की केवळ तयार संगणकातच? हमी नेहमीइतकी आहे, की कमी? आणि तिची उष्णताक्षमता तिच्या खालच्या प्रतीपेक्षा प्रमाणाबाहेर अधिक आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असतील तर ती चिप नव्या पिढीची नसून जुन्याच पिढीतून वेचून काढलेली असण्याचा संभव मोठा.

अशा वेळी दोन-तीन महिने थांबणाऱ्याचे सहसा नुकसान होत नाही. उतारा सुधारतो, भाव उतरतो, दोष असल्यास उघड होतो. वेगाच्या शर्यतीतला पहिला मान ज्याला हवा त्याने पहिली पेटी अवश्य घ्यावी. पण त्या भावात फळापेक्षा मानाचे मोल अधिक आहे, हे जाणून घ्यावी.